जुन्या एसयूव्हीतील इंजिनाचा आवाज व विद्युत दोष यांचे निदान

जुन्या एसयूव्हीतील इंजिनाचा आवाज व विद्युत दोष यांचे निदान म्हणजे दहा-बारा वर्षांहून अधिक काळ वापरात असलेल्या वाहनाच्या इंजिनातून येणाऱ्या अनैसर्गिक आवाजांचे आणि त्याच्या विद्युत यंत्रणेतील बिघाडांचे मूळ कारण, कोणताही भाग बदलण्यापूर्वी, निरीक्षण व मोजमाप यांच्या साहाय्याने निश्चित करण्याची पद्धती होय. हे दोन्ही विषय सामान्यतः वेगवेगळ्या कारागिरांकडे जातात. आवाज मेकॅनिककडे आणि वीज ऑटो इलेक्ट्रिशियनकडे, अशी गॅरेजमधील रूढ वाटणी आहे. जुन्या वाहनात मात्र विजेचा दोष आवाजाच्या रूपाने आणि यांत्रिक दोष दिव्यांच्या रूपाने प्रकट होण्याचे प्रसंग बरेच असतात. त्यामुळे दोहोंचा विचार एकत्र केल्यास निदान अधिक अचूक होते.

प्रस्तुत लेखातील विवेचन मुख्यतः शिडीसारख्या स्वतंत्र चौकटीवर बांधलेल्या डिझेल वाहनांना लागू आहे. टाटा सुमो (१९९४), टोयोटा क्वालिस (२०००), महिंद्रा बोलेरो (२०००) आणि महिंद्रा स्कॉर्पिओ (२००२) ही भारतातील या वर्गाची परिचित उदाहरणे होत. पश्चिम महाराष्ट्रातील वडाप असो, मराठवाड्यातील काळी-पिवळी असो वा गावातील रुग्णाला रात्री तालुक्याला नेणारी खासगी गाडी असो, अशी वाहने पंधरा-वीस वर्षे रस्त्यावर राहतात. अनेक कुटुंबांची उपजीविका त्यांच्यावर चालते. चुकीच्या निदानाची किंमत येथे दोन प्रकारे मोजावी लागते. किरकोळ आवाजासाठी इंजिन खोलले जाते, किंवा गंभीर आवाजाकडे दुर्लक्ष होऊन संपूर्ण इंजिन निकामी होते.

रचनेचे वैशिष्ट्य

चौकटीवरील वाहनात इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेले असते आणि गाडीची बॉडीही चौकटीवर रबरी ठोकळ्यांच्या आधारे टेकलेली असते. या रबरामुळे कंपने अडतात, तशीच वीजही अडते. बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतणारा प्रवाह इंजिन, चौकट आणि बॉडी या तीन लोखंडी भागांमधून वाहतो, आणि हे तीन भाग एकमेकांना केवळ जाड वायरींनी किंवा विणलेल्या तांब्याच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. या जोडण्यांना व्यवहारात 'अर्थ' म्हणतात. जमिनीशी त्यांचा संबंध नसल्याने हे नाव शास्त्रदृष्ट्या सैल आहे, पण तेच रूढ आहे. कोकणातील खारट दमट हवा, पावसाळ्यातील चिखल आणि इंजिनाची उष्णता यांमुळे या जोडण्या गंजतात. वरून घट्ट दिसणाऱ्या बोल्टाखाली गंजाचा पातळ थर बसलेला असतो, आणि जुन्या वाहनातील असंख्य चमत्कारिक विद्युत दोषांचे मूळ तेथेच सापडते.

दुसरे वैशिष्ट्य ब्रेकसंबंधी आहे. डिझेल इंजिनाच्या अंतर्ग्रहण नळीत पेट्रोल इंजिनासारखी निर्वात स्थिती निर्माण होत नाही. त्यामुळे ब्रेकला साहाय्य करणाऱ्या बूस्टरसाठी स्वतंत्र निर्वात पंप लागतो. या वर्गातील अनेक वाहनांत हा पंप अल्टरनेटरच्या पाठीमागे, त्याच्याच दांड्यावर बसवलेला असतो. अल्टरनेटरचा आवाज त्यामुळे केवळ चार्जिंगचा प्रश्न राहत नाही. तो ब्रेकचाही प्रश्न ठरतो.

आवाजाचे निरीक्षण

आवाजाचे निदान ऐकण्यापूर्वी विचारण्यापासून सुरू होते. आवाज थंड इंजिनावर येतो की तापल्यावर, उभ्या गाडीत येतो की चालत्या, चढावर वाढतो की उतारावर, क्लच दाबल्यावर बदलतो का, दिवे लावल्यावर बदलतो का, या प्रश्नांची उत्तरे मालकाजवळ असतात. ती नीट विचारली गेली तर निम्मे निदान तेथेच होते. मराठीतील ध्वन्यनुकारी शब्द या कामी मोलाचे आहेत. टिकटिक, ठकठक, खडखड, घरघर, गुणगुण, किरकिर, फसफस यांपैकी प्रत्येक शब्द वेगळ्या कारणाकडे बोट दाखवतो. 'गाडी आवाज करते' या मोघम तक्रारीपेक्षा 'सकाळी सुरू केल्यावर मिनिटभर टिकटिक होते' हे वाक्य कारागिराला कितीतरी अधिक सांगते.

पहिली पायरी म्हणजे आवाज इंजिनाचा आहे की चाकांचा, हे ठरवणे. गाडी उभी ठेवून इंजिनाची गती वाढवल्यावर आवाज आला तर तो इंजिनाचा किंवा त्याला जोडलेल्या भागांचा असतो. केवळ चालत्या गाडीत येत असेल तर एकाच वेगाने, उदाहरणार्थ ताशी ४० किलोमीटरने, आधी तिसऱ्या आणि मग चौथ्या गिअरमध्ये गाडी चालवून पाहावी. गिअर बदलल्यावर आवाजाची पट्टी बदलली तर त्याचा संबंध इंजिनाच्या गतीशी असतो. न बदलल्यास दोष चाकाचे बेअरिंग, डिफरन्शियल किंवा टायर यांपैकी कोठे तरी असतो. गाडी जागेवरून हलताना एकदाच येणारा 'टक्' असा आवाज बहुधा प्रोपेलर शाफ्टच्या झिजलेल्या क्रॉसचा असतो, आणि तो इंजिनाच्या माथी मारला गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. क्लचचा पॅडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर क्लचचे रिलीज बेअरिंग संशयित ठरते. उलट, दाबल्यावर घरघर थांबली तर गिअरबॉक्सच्या पुढील बेअरिंगकडे लक्ष द्यावे.

दुसरी पायरी आवाजाच्या लयीची आहे. चार-घाती इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या मंद गतीने चालू असेल तर प्रत्येक झडप मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेसहा वेळा उघडते. क्रँकशाफ्टशी निगडित ठोका मात्र त्याच वेळात तेरा-चौदा वेळा पडतो. हे आकडे कानाने मोजता येत नाहीत, पण सुटी सुटी ऐकू येणारी टिकटिक आणि जवळजवळ सलग वाटणारे ठोके यांतला फरक सरावाने कळतो. निम्म्या गतीचा आवाज झडपांचा, एखाद्या सिलिंडरमधील ज्वलनाचा किंवा एक्झॉस्टच्या गळतीचा असतो. पूर्ण गतीचा आवाज इंजिनाच्या खालच्या भागातून येण्याचा संभव अधिक.

तिसरी पायरी जागेची. फ्रेंच वैद्य रने लाएनेक यांनी १८१६ मध्ये कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोपचा जन्म झाला. गॅरेजमध्ये हेच तत्त्व लांब स्क्रू ड्रायव्हरच्या रूपाने वापरले जाते. त्याचे टोक इंजिनाच्या भागावर आणि मूठ कानाजवळच्या हाडावर टेकवली असता त्या भागातील आवाज स्पष्ट ऐकू येतो. धातूचा गज असलेला मेकॅनिकचा स्टेथोस्कोपही मिळतो. पंखा आणि पट्टा यांपासून हात, केस आणि सैल कपडे दूर ठेवणे अत्यावश्यक आहे. या वर्गातील इंजिने गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेली असतात आणि त्यांचा पंखा पुष्कळदा इंजिनाच्या गतीनेच फिरत असतो.

आवाजाचे प्रमुख प्रकार

डिझेल इंजिनाला स्वतःचा एक खडखडाट असतो. दाबाने तापलेल्या हवेत इंधन अकस्मात पेट घेते, त्याचा तो ध्वनी होय. थंड इंजिनावर तो अधिक असतो. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनांत मुख्य फवाऱ्यापूर्वी इंधनाचा एक छोटा फवारा सोडला जात असल्याने तो सौम्य होतो. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीवरून नव्या कॉमन रेल गाडीवर आलेल्या चालकाला इंजिन मुके वाटते, आणि उलट प्रवास करणाऱ्याला प्रत्येक जुने इंजिन बिघडलेले वाटते. म्हणून तुलना त्याच प्रकारच्या दुसऱ्या गाडीशीच करावी.

इंजिनाच्या माथ्यावरून येणारी हलकी टिकटिक टॅपेटची असते. टॅपेट हायड्रॉलिक असतील तर रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत त्यांतील ऑइल खाली उतरते आणि सुरू केल्यावर काही सेकंद टिकटिक होते. ती लगेच थांबत असेल तर चिंतेचे कारण नसते. न थांबल्यास प्रथम ऑइलची पातळी, मग ऑइलची प्रत व ते बदलल्याची तारीख पाहावी. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून वायू गळत असेल तर त्याचीही टॅपेटसारखीच टिकटिक होते. फरक एवढाच की धातू तापून प्रसरण पावल्यावर ही फट बुजते आणि आवाज कमी होतो. गळतीच्या जागी काजळीचा काळा पट्टाही दिसतो. केवळ हा पट्टा न पाहिल्यामुळे टॅपेट पुन्हा पुन्हा जुळवले जातात.

थंड इंजिनावर पोकळ ठकठक येऊन तापल्यावर ती कमी होणे हे पिस्टन व सिलिंडर यांमधील वाढलेल्या फटीचे लक्षण आहे. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत पिस्टनला 'दट्ट्या' म्हणतात. शब्द अर्थवाही आहे, परंतु कोणत्याही गॅरेजमध्ये तो बोलून उपयोग होणार नाही. असे इंजिन ऑइल पीत नसेल आणि धूर करत नसेल तर ते आणखी काही वर्षे चालू शकते.

याउलट, ज्या आवाजावर इंजिन तत्काळ बंद केले पाहिजे तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा. हा ठोका जड व खोल असतो. इंजिन तापून ऑइल पातळ झाले की तो वाढतो, आणि इंजिनाची गती वाढवून ॲक्सिलरेटर सोडताना विशेष ऐकू येतो. ऑइलचा दिवा त्याच्या जोडीला लागला तर संशयाला फारशी जागा उरत नाही. बेअरिंगचा मऊ थर झिजून गेल्यावर धातू धातूवर घासतो. त्या वेळी इंजिन थांबवले तर बेअरिंग बदलून आणि क्रँकशाफ्ट घासून काम भागू शकते. तसेच पुढे दामटल्यास रॉड तुटून सिलिंडर ब्लॉकच्या बाहेर येऊ शकतो. 'घरापर्यंत तरी जाऊ' हा विचार येथे सर्वांत महाग पडतो.

इंजेक्टरचा ठोका या आवाजाशी फार साम्य दाखवतो आणि निदानाची मोठी चूक येथेच होते. गॅरेजच्या भाषेत नोझल चिकटल्यामुळे इंधनाचा फवारा न होता धार पडते, ते चुकीच्या वेळी पेटते आणि त्या सिलिंडरमध्ये कडक ठोका ऐकू येतो. असा इंजेक्टर काढून तपासण्याचा व दुरुस्तीचा खर्च इंजिन खोलण्याच्या खर्चापेक्षा बराच कमी असतो. कोणत्या सिलिंडरमध्ये ठोका आहे, हे शोधण्यासाठी त्या सिलिंडरचे इंधन क्षणभर बंद करून पाहतात. आवाज बदलला तर सिलिंडर सापडला. परंतु इंधन बंद केल्यावर रॉडच्या बेअरिंगवरील भारही कमी होतो आणि त्याचाही ठोका मंदावतो. या चाचणीने सिलिंडर कळतो, कारण कळत नाही. कारण ठरवण्यासाठी ऑइलचा दाब मोजावा लागतो. दाब उत्तम असून ठोका थंड इंजिनावर जास्त असेल तर कल इंजेक्टरकडे, दाब कमी असून तापल्यावर ठोका वाढत असेल तर बेअरिंगकडे.

जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनांत इंजेक्टरच्या नळीचा नट किंचित सैल करून इंधन बंद करण्याची रीत होती. कॉमन रेल इंजिनावर ती कदापि वापरू नये. या नळ्यांत हजार बारहून अधिक दाबाचे डिझेल असते. त्याची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते, आणि वरून सुईच्या टोचणीएवढी दिसणारी ही जखम बोट किंवा हात गमावण्यापर्यंत जाऊ शकते. अशा इंजिनात ही चाचणी स्कॅनरद्वारेच करावी.

पट्ट्यावर चालणारे भाग

इंजिनाच्या पुढील बाजूचा पट्टा अल्टरनेटर, पाण्याचा पंप, पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि एअर कंडिशनरचा कंप्रेसर फिरवतो. सकाळी गाडी सुरू करताच होणारी किंचाळी बहुधा पट्टा घसरल्याची असते. स्टार्टरने बॅटरीतून वीज ओढलेली असते, ती भरून काढण्यासाठी अल्टरनेटरवर भार येतो आणि सैल पट्टा त्याला पेलत नाही. खाचांच्या पट्ट्यावर थोडे पाणी शिंपडणे ही सोपी चाचणी आहे. पाण्याने आवाज वाढला तर पट्टा सैल आहे. काही क्षण थांबून परत आला तर पुली एका रेषेत नाहीत. पट्ट्याला मेण किंवा साबण लावण्याचा उपाय दोष लपवतो आणि पट्टाही बिघडवतो.

बेअरिंगची घरघर शोधण्यासाठी पट्टा उतरवून इंजिन केवळ काही सेकंद चालवावे. आवाज नाहीसा झाला तर तो पट्ट्यावरील भागांपैकी एकाचा आहे. मग प्रत्येक पुली हाताने फिरवून व हलवून पाहावी. पट्टा नसताना पाण्याचा पंप बंद असतो, आणि वर सांगितलेल्या रचनेत ब्रेकचा निर्वात पंपही बंद असतो. म्हणून इंजिन अधिक काळ चालवू नये आणि गाडी मुळीच हलवू नये.

विद्युत दोष

विद्युत दोषांच्या निदानात बहुसंख्य चुका 'दिवे लागतात, म्हणजे बॅटरी आणि वायरिंग ठीक आहे' या समजुतीतून होतात. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेल्या नियमाने ही समजूत तपासता येते. विद्युतदाबातील घट म्हणजे प्रवाह आणि रोध यांचा गुणाकार. गंजलेल्या जोडणीचा रोध केवळ ०.०१ ओहम आहे असे धरू. ६० वॉटचा दिवा सुमारे ५ ॲम्पिअर प्रवाह घेतो. त्यामुळे दाब ०.०५ व्होल्टने घटतो, आणि दिव्याच्या प्रकाशात काहीच फरक दिसत नाही. त्याच जोडणीतून स्टार्टर, म्हणजे बोलीतला सेल्फ, २०० ॲम्पिअर ओढतो तेव्हा २ व्होल्ट तेथेच नष्ट होतात. सेल्फ मंद फिरतो किंवा नुसता 'टक' करतो. मग सेल्फ दुरुस्त होतो, बॅटरी नवी येते आणि पंधरा दिवसांत दोष परत येतो, कारण तो एका बोल्टाखालच्या गंजात असतो.

या दोषाचा शोध साध्या मल्टिमीटरने लागतो. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर (क्लिपवर नव्हे) आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूवर ठेवून सहकाऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. मीटर ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत दाखवत असेल तर अर्थ चांगला आहे. एक व्होल्ट किंवा अधिक दाखवल्यास दोष सापडला. बॉडी व इंजिन, चौकट व इंजिन यांच्या दरम्यान हीच चाचणी करावी. धन बाजूला बॅटरीपासून सेल्फपर्यंत अर्ध्या व्होल्टपर्यंतची घट चालते. जोडणी न सोडता, भार असताना दाब मोजणे, हे या चाचणीचे मर्म आहे. वायर सोडून तिचा रोध मोजल्यास एकच धागा शाबूत असलेली वायरही निर्दोष दिसते.

काही तास विश्रांती घेतलेल्या पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. १२.२ म्हणजे ती निम्म्यावर आली आहे, आणि १२ च्या खाली ती जवळजवळ रिकामी असते. सेल्फ फिरताना दाब ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दाब मिळाल्यास चार्जिंग योग्य समजावे. पंधराच्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडलेला असतो. अशा गाडीचे बल्ब वारंवार उडतात आणि बॅटरीचे पाणी आटते.

इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवा मंद लुकलुकतो, हेडलाइट लावला की तापमानाचा काटा सरकतो, असे दोष पाहून मालक चक्रावतात. अर्थ तुटला की प्रवाह परतीचा मार्ग दुसऱ्याच बल्बमधून किंवा मीटरमधून शोधतो, एवढाच त्याचा अर्थ असतो. मागील दिव्यांच्या गटाचा अर्थ साफ केल्यावर असे दोष बहुधा थांबतात.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर बंद गाडीत वाहणारा प्रवाह मोजावा. बॅटरीची ऋण वायर सोडून तिच्या व टोकाच्या मध्ये ॲमीटर जोडतात, आणि इलेक्ट्रॉनिक भाग निद्रिस्त होण्यासाठी वीस-तीस मिनिटे थांबतात. सामान्यतः ५० मिलिॲम्पिअरपर्यंतचा प्रवाह क्षम्य असतो. ६० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीतून अर्धा ॲम्पिअर सतत गळत राहिला तर ती पाच दिवसांत संपूर्ण रिकामी होईल, आणि जुनी असल्यास गाडी दोन-तीन दिवसांतच सुरू होणार नाही. मग एकेक फ्यूज काढून प्रवाह कधी घटतो ते पाहावे. नंतर बसवलेले म्युझिक सिस्टीम, सेंट्रल लॉक, मागचा कॅमेरा हे नेहमीचे अपराधी. सर्व फ्यूज काढूनही गळती कायम राहिली तर अल्टरनेटरचा डायोड तपासावा, कारण त्याची जाड वायर सहसा या फ्यूजांमधून जात नाही.

वायरिंग वयानुसार ठराविक जागी तुटते. दाराच्या बिजागरीजवळील रबरी नळीत, मागील दाराच्या वळणात आणि एक्झॉस्टजवळ कडक झालेल्या आवरणात प्रथम पाहावे. पावसाळ्यात उबेसाठी बॉनेटखाली शिरणारे उंदीर वायरी कुरतडतात. त्यावर तंबाखूची पाने वा डांबराच्या गोळ्या ठेवण्याचा उपाय खेडोपाडी केला जातो, पण ठराविक दिवसांनी बॉनेट उघडून पाहणे त्याहून भरवशाचे. वायरी पिळून वर टेप गुंडाळलेले जोड हे सर्वांत मोठे दुखणे आहे. उष्णतेने टेपचा चिकटपणा जातो आणि उघडी तार चौकटीला टेकते.

उडालेला फ्यूज हा दोष नसून दोषाची सूचना असते. फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरीच्या संरक्षणासाठी असतो. पात्याच्या फ्यूजांत लाल १० ॲम्पिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा आणि हिरवा ३० चा असतो. १० च्या जागी ३० चा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घातला तर दिवा लागतो खरा, परंतु वायर तापून पेटण्यापूर्वी प्रवाह तोडणारे काही उरत नाही. वाहनांना लागणाऱ्या आगींचे हे एक सर्वस्वी टाळता येण्याजोगे कारण आहे.

आवाज व वीज यांची गाठ

दोन्ही शाखा एकत्र येतात असे काही दोष स्वतंत्रपणे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पहिला अल्टरनेटरचा. त्याचे बेअरिंग झिजले की घरघर होते, हे सर्वज्ञात आहे. परंतु एखादा डायोड शॉर्ट झाला तरीही अल्टरनेटर गुरगुरतो, आणि बेअरिंग बदलून तो आवाज जात नाही. ओळख अशी की हेडलाइट व ब्लोअर लावल्यावर आवाज वाढतो, रेडिओत इंजिनाच्या गतीबरोबर चढणारी शीळ येते, आणि इंजिन चालू असताना मल्टिमीटर प्रत्यावर्ती दाबावर ठेवून बॅटरीवर मोजल्यास अर्ध्या व्होल्टहून अधिक दाब दिसतो. निर्वात पंप जोडलेल्या अल्टरनेटरमध्ये पंपाचे सील गळून ऑइल आत शिरते व चार्जिंग बंद पडते. अशा वेळी सील न बदलता केवळ अल्टरनेटर भरून आणणे व्यर्थ होय.

दुसरा ग्लो प्लगचा. हिवाळ्यात पहाटे इंजिन सुरू होताच खडखड करते, पांढरा धूर सोडते, तीनच सिलिंडरवर चालल्यासारखे हलते आणि मिनिटा-दोन मिनिटांत शांत होते. ऐकणाऱ्याला इंजिन बोअरला आल्याचा भास होतो. वस्तुतः एका सिलिंडरचा ग्लो प्लग जळालेला असू शकतो. चांगल्या प्लगचा रोध एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो आणि जळालेला प्लग मीटरवर तुटलेली वायर दाखवतो. नाशिक किंवा महाबळेश्वरच्या थंडीत हा दोष उघड होतो. मुंबईच्या हवेत तो वर्षानुवर्षे लपून राहू शकतो.

तिसरा आणि सर्वांत निर्णायक प्रसंग ऑइलच्या दिव्याचा. दिवा लागला, पण ठोका नाही. किंवा ठोका आहे, पण दिवा नाही. दिवा दाबाचा स्विच व एक वायर यांवर चालतो. त्या प्रकारच्या स्विचची वायर कोठे चौकटीला टेकली तर दाब असूनही दिवा लागतो. तीच वायर तुटली तर दाब नसूनही दिवा विझलेला राहतो. किल्ली फिरवताच, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हा दिवा लागलाच पाहिजे. न लागल्यास त्याच्या मौनावर विश्वास ठेवता येत नाही. स्विच काढून त्या जागी यांत्रिक दाबमापक बसवणे हीच खरी परीक्षा. तापलेल्या इंजिनात मंद गतीला सुमारे एक बार आणि गती वाढवल्यावर त्याच्या दुप्पट-तिप्पट दाब सामान्यतः अपेक्षित असतो, तथापि निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. ही चाचणी अर्ध्या तासात होते. ती न करता 'हाफ इंजिन' करण्याचा सल्ला कोणी दिला तर मालकाने ती करण्याचा आग्रह धरावा.

दोषसंकेतांचा उपयोग

इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या वाहनांत स्कॅनर जोडून दोषसंकेत वाचता येतात. संकेत शंका व्यक्त करतो, निकाल देत नाही. 'पी०३३५' हा संकेत क्रँकशाफ्टची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरच्या मंडलात दोष असल्याचे सांगतो. त्या मंडलात सेन्सर, दोन-तीन वायरी, एक कनेक्टर, अर्थ आणि सेन्सरसमोरची फट यांचा समावेश होतो. केवळ सेन्सर बदलणे म्हणजे पाच संशयितांपैकी एकाला शिक्षा देणे होय. एकाच वेळी परस्परांशी संबंध नसलेले अनेक संकेत आले तर सर्व भाग एकदम बिघडले असण्यापेक्षा बॅटरीचा दाब घसरला असण्याचा किंवा सामाईक अर्थ सुटला असण्याचा संभव कितीतरी अधिक असतो. यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनांत ही सोय नाही. तेथे कान, मीटर आणि दाबमापक यांवरच भिस्त असते.

दुरुस्तीनंतरची पडताळणी व कायदेशीर बाजू

दुरुस्तीपूर्वी घेतलेली मापे वहीत नोंदवून दुरुस्तीनंतर तीच पुन्हा घ्यावीत. अर्थ साफ करण्यापूर्वी सेल्फ मारताना १.४ व्होल्टची घट होती आणि नंतर ०.१५ राहिली, अशी नोंद असेल तर दोष गेला की दबला याविषयी वाद राहत नाही. साफ केलेल्या जोडणीवर व्हॅसलीन किंवा टर्मिनल ग्रीस लावल्यास गंज लांबतो. बदललेले जुने भाग मालकाने मागून घ्यावेत. झिजलेले बेअरिंग किंवा जळालेला प्लग हाच निदानाचा पुरावा असतो.

मोटार वाहन अधिनियम १९८८ नुसार खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी वैध असते आणि त्यानंतर तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवता येते. या तपासणीत दिवे, हॉर्न, ब्रेक व धूर पाहिले जात असल्याने विद्युत दोष आधी दूर करणे आवश्यक ठरते. दुरुस्ती शक्य नसल्यामुळे दुसरे इंजिन बसवावे लागले तर इंजिनाचा क्रमांक बदलतो. त्यासाठी प्रादेशिक परिवहन कार्यालयाची परवानगी घेऊन नोंदणी प्रमाणपत्रात तशी नोंद करून घ्यावी लागते.